तेरावा फलक : इंदूरच्या एका मराठी संस्थेतलं मताचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदुरात राजवाड्यापासून पायी पंधरा मिनिटांवर एक जुनी मराठी संस्था आहे. खाली वाचनालय, वर सभागृह, मागच्या अंगणात दोन खोल्या. संस्थेचं नाव, साल आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे काढले आहेत, काही बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी स्वतः तेव्हा कार्यकारिणीत ‘महिला शाखेची प्रतिनिधी’ होते. म्हणजे बैठकीला बसायचं, बोलायचं, चहा सांगायचा, मत नाही. तेव्हा हे लिहिणारी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

संस्थेत साडेतीनशेच्या आसपास सभासद-कुटुंबं. सभासदत्व कुटुंबाच्या नावाने. घटनेतलं कलम असं होतं की प्रत्येक कुटुंबाला एक मत आणि ते कुटुंबप्रमुखाने द्यायचं. कुटुंबप्रमुख पुरुषच असावा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच कुणाला वाटली नसावी.

यात कुणाला काही खुपत होतं असंही नाही. गणपतीची आरास, कोजागिरीचं दूध, वाचनालयाची दुपारची पाळी, दिवाळीच्या फराळाची विक्री, सगळी कामं बायकांकडे. फराळाच्या पैशांवर तर वाचनालयाची वर्षभराची मासिकं यायची. ‘इथे तायांचंच राज्य आहे’ असं पुरुषमंडळी कौतुकाने म्हणत आणि आम्हीही हसत असू. ज्या शहराने १९८९ पासून सलग आठ वेळा सुमित्रा महाजनांना लोकसभेत पाठवलं, तिथे बाईच्या मताचा प्रश्न शिल्लक आहे असं कुणाच्या मनात तरी कसं यावं?

प्रदर्शनाचं निमित्त

निवडणूक आयोग २५ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाला, म्हणून २०११ पासून ही तारीख राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळतात. त्या वर्षी ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांतच आली. महिला शाखेने ठरवलं, तिळगुळाबरोबर ‘बाईचं मत’ असं एक छोटं प्रदर्शन लावू. बारा फलक, कार्डशीटवर हाताने लिहिलेले. मजकुराचं काम माझ्याकडे आणि इतिहासात एम.ए. करणाऱ्या एका मुलीकडे. तिला इथे विद्यार्थिनी म्हणते.

पहिले फलक भराभर झाले. १८९३ ला न्यूझीलंड. १९१८ ला ब्रिटन, पण तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या बायकांपुरतंच. पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला त्यांना १९२८ उजाडलं. आपल्याकडे डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. मताधिकार ठरवायला नेमलेल्या साउथबरो समितीने मागणी नाकारली. मग १९१९ मध्ये हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन थेट लंडनला जाऊन बाजू मांडून आल्या. त्या वर्षीच्या कायद्याने निर्णय प्रांतांच्या कौन्सिलांवर सोडला. मद्रास आणि मुंबई प्रांतांनी १९२१ मध्ये बायकांना मत दिलं, तेही मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्यांनाच. त्या कौन्सिलांत एकही बाई नव्हती. हे वाक्य मी सहज लिहिलं होतं. पुढे ते फार आठवलं.

अडकलो ते नवव्या फलकावर. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत होत्या. प्रौढ मताधिकाराचा निर्णय झालेला होता, एकवीस वर्षांच्या प्रत्येक बाईला मत होतं. पण नावं लिहून घ्यायला माणूस दारात आला की पुष्कळ बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी भूमिका घेतली की नाव नाही तर नोंद नाही. सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळपास २८ लाख अशा गळाल्या. मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारतातल्या. मध्य भारत म्हणजे १९४८ ते १९५६ या काळातलं आपलं राज्य, इंदूर आणि ग्वाल्हेर त्यातच. विद्यार्थिनी म्हणाली, “म्हणजे ही आपल्या गल्लीतली गोष्ट आहे.”

मराठी घरात तर दुहेरी घोळ. बाईचं माहेरचं नाव लग्नात तांदळात बदललेलं, आणि नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. यादीवाल्याला ही दोन्ही नावं हवीत. महिला शाखेतल्या सर्वांत वडीलधाऱ्या काकूंना (वय ७८) मी विचारलं, तेव्हा त्यांनी सासूबाईंची हकीकत सांगितली. सासूबाईंनी विठ्ठलाच्या तसबिरीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, “हे यांचं नाव.” यादीवाला हिंदी भाषक. त्याने काय लिहून घेतलं कुणास ठाऊक.

अडचण कुठे दिसली

विद्यार्थिनीला वाटलं, आपल्याच संस्थेतल्या जुन्या सभासद-बायकांची नावं या फलकाखाली लावावीत. तिने वाचनालयाच्या कपाटातून जुनी सभासद-नोंदवही काढली. कसर लागलेली पानं, दौतीची शाई. दोन दुपारी घालवून तिने शेवटचं पान मिटलं आणि म्हणाली, “एकही नाही.”

देणगीदारांच्या यादीत ‘सौ.’ लावून काही नावं होती, तीही बहुतेक ‘सौ. अमुकराव’ अशी. पण सभासद म्हणून एकही नाही. मग तिने तो प्रश्न विचारला जो मी इतक्या वर्षांत विचारला नव्हता: “आणि आत्ताच्या वहीत?”

आत्ताच्या वहीत चौदा बायका निघाल्या. सगळ्या विधवा, आणि सगळ्या अशा की ज्यांना सज्ञान मुलगा नव्हता. मुलगा असेल तर सभासदत्व आपोआप त्याच्याकडे जात असे. काकूंचे यजमान अकरा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून त्यांच्या घरचं मत त्यांच्या बंगळूरच्या मुलाच्या नावावर, ज्याने एकाही साधारण सभेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. काकूंनी तीस वर्षं महिला शाखेचे हिशेब लिहिले होते.

हे सगळं नुसतं इतिहासाचं कुतूहल राहिलं असतं. पण मार्चच्या साधारण सभेपुढे एक ठराव येणार होता: वरचं सभागृह एका शिकवणीवर्गाला भाड्याने द्यायचं. इंदुरात शिकवण्यांना जागा पुरत नाही, भाडं चांगलं येणार होतं आणि छप्पर गळत होतं. पण त्याच सभागृहात दुपारी महिला शाखेचं भजन, वाचनकट्टा आणि योगवर्ग चालत. ज्यांची जागा जाणार होती त्यांना त्या सभेत मत नव्हतं.

पहिला निर्णय : तेरावा फलक लावायचा का

विद्यार्थिनीने तेरावा फलक केला. त्यावर फक्त एक तक्ता. न्यूझीलंड १८९३, मुंबई प्रांत १९२१, ब्रिटन १९२८, भारत १९५०, स्वित्झर्लंड १९७१. शेवटच्या ओळीत आपल्या संस्थेचं नाव आणि पुढे एक आडवी रेघ. बाकी काही नाही.

अध्यक्षांनी तो फलक प्रदर्शनाच्या चार दिवस आधी पाहिला. ते सत्तरीतले, निवृत्त अभियंता, स्वभावाने सरळ. म्हणाले, “ही रेघ काढा. पाहुणे येणार, वर्तमानपत्रवाले येणार. घरातलं घरात बोलू.”

शाखेच्या बैठकीत आमच्यात दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, फलक काढावा. अध्यक्षांना दुखावलं तर ठराव मांडायलाही कुणी मिळणार नाही. दुसरी म्हणाली, आज काढला तर पुन्हा कधीच लागणार नाही. माझं मत पहिल्या बाजूला होतं, हे कबूल करते. काकूंनी वेगळाच मार्ग काढला. त्या अध्यक्षांना लहानपणापासून ओळखत, त्यामुळे एकेरीत बोलण्याचा हक्क फक्त त्यांना होता. त्यांनी त्याला घरी पोह्यांना बोलावलं. काय बोलणं झालं ते दोघांनीही पुरतं सांगितलं नाही. काकू एवढंच म्हणाल्या, “मी त्याला विचारलं, अरे, ती रेघ काढून तिथे कुठलं साल लिहू, ते तूच सांग.”

फलक लागला. अट अशी की तो वर्तमानपत्राच्या फोटोत यायचा नाही. उद्घाटनाचा फोटो घेताना अध्यक्ष स्वतःच त्या फलकासमोर उभे राहिले.

पर्याय

फलक लागल्यावर कार्यकारिणीला काहीतरी करणं भाग होतं. फेब्रुवारीत तीन बैठका झाल्या. आमच्यातले वकील सभासद दर वेळी नवा मसुदा घेऊन येत.

काहीच न करणं हाही पर्याय होता आणि त्याच्या बाजूने बोलणारे थोडे नव्हते. ‘घरात विचारूनच तर मत देतो आम्ही’ हे वाक्य त्या महिन्यात मी किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनमध्येही हेच म्हणत असत: बायको नवऱ्यासारखंच मत देणार, मग दुप्पट कागद कशाला?

दुसरा मसुदा होता एक मत ठेवण्याचा, पण ते नवरा-बायकोपैकी सभेला जो येईल त्याने द्यायचं. वरवर उदार दिसणारा. आम्ही त्यावर पार्षदपतींचा दाखला दिला. नगरपालिकेत बाई निवडून येते आणि कामकाज यजमान चालवतात, हे मध्य प्रदेशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एकच मत असेल तर ते ओढून नेणारा कोण, हे घराघरात आधीच ठरलेलं असतं.

तिसरा मसुदा होता ‘सभासदाच्या पत्नीस एक मत’ असा. हा बहुतेकांना पटला. खर्च नाही, फी नाही, आणि घराची वीण उसवत नाही. मलाही पटला होता. पण विद्यार्थिनीने आठव्या फलकाकडे बोट दाखवलं. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने ब्रिटिश प्रांतांत बायकांची मतदारसंख्या वाढवली ती बऱ्याच अंशी याच मार्गाने: नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मत. त्याने सुमारे ६० लाख बायका यादीत आल्या, हे खरं. (इंदूर संस्थानी मुलूख, त्यामुळे इथल्या बायकांना तेही नव्हतं.) पण काही प्रांतांत अशा बायकोला स्वतः अर्ज करावा लागे, आणि अर्ज करायला घरातून बाहेर कोण पाठवणार? त्याआधीच, १९३१ मध्ये, तीन अखिल भारतीय महिला संघटनांनी एकत्र निवेदन देऊन सांगितलं होतं की पत्नी म्हणून सवलत नको, राखीव जागाही नकोत, प्रत्येक प्रौढाला मत द्या. त्यातली एक म्हणजे अखिल भारतीय महिला परिषद, जिचं पहिलं अधिवेशन १९२७ च्या जानेवारीत पुण्याला भरलं आणि अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. आमच्या कार्यकारिणीतल्या एका बडोदेकर गृहस्थांना हे ऐकून एकदम उत्साह आला. ते तोवर गप्प होते.

तिसरा मसुदा शेवटी पडला तो मात्र इतिहासामुळे नव्हे. काकूंनी शांतपणे विचारलं, “यात मी कुठे बसते? आणि ती?” ‘ती’ म्हणजे आमची ग्रंथपाल. अविवाहित, वय ४६, वडिलांच्या घरी भावाच्या कुटुंबात राहणारी. पत्नी म्हणून मत द्यायचं ठरलं तर संस्थेत सर्वांत जास्त तास बसणाऱ्या दोघी बाहेरच राहणार होत्या.

म्हणून चौथा मसुदा: अठरा वर्षांवरील प्रत्येक व्यक्ती स्वतःच्या नावाने सभासद, स्वतःच्या सहीने, स्वतःच्या फीने. कुटुंबाची फी सहाशे होती, व्यक्तीची दोनशे ठरली. यावर खरा वाद झाला तो बायकांच्या हक्कावरून नव्हे, पैशांवरून. चार मतं असलेल्या घरांचा संस्थेवर कब्जा होईल, ही भीती. आणि उलट टोकाची: दोनशे रुपये भरायचे म्हटल्यावर बायका येणारच नाहीत, मग गणपूर्ती कशी होणार? दुसरी भीती अगदीच खोटी नव्हती, हे पुढे दिसलं.

दुसरा निर्णय : वाण

फेब्रुवारीतल्या बैठकांआधी, प्रदर्शनाच्याच दिवशी, हळदीकुंकू होतं. तिथेही एक निर्णय घ्यावा लागला. हळदीकुंकवाला सवाष्णींनाच बोलवायचं, ही आमच्या संस्थेतली रूढी. बाईच्या मतावर प्रदर्शन लावायचं आणि त्याच दिवशी काकूंना दारात उभं ठेवायचं, हे कुणाच्याच गळी उतरेना. शेवटी निमंत्रणात ‘सर्व भगिनी’ असं लिहिलं. दोन ज्येष्ठ सभासद-पत्नी त्यामुळे आल्या नाहीत. त्यांनी नंतरच्या ठरावाला जाहीरपणे विरोध केला. मला अजूनही वाटतं की त्यांचा राग मतावर नव्हता, हळदीकुंकवावर होता. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करून आम्ही विरोधकांची संख्या स्वतःच वाढवली.

वाण म्हणून दर वर्षी स्टीलची वाटी किंवा प्लास्टिकची डबी देतो. त्या वर्षी तिळाच्या वडीबरोबर सभासदत्वाचा अर्ज दिला, घटनादुरुस्ती मंजूर होईल या आशेवर. कल्पना ग्रंथपालांची. आवडली सगळ्यांना. पण छपाईला देताना संगणकातली जुनी फाईल गेली आणि अर्जावर ‘कुटुंबप्रमुखाचे नाव व सही’ हा रकाना तसाच राहिला. दोनशे अर्ज छापून झाल्यावर लक्षात आलं. पेनाने रकाना खोडून वाटले, तरी जे अर्ज परत आले त्यांतल्या चाळीसेक अर्जांवर यजमानांचीच सही. एकीने स्वतःचं नाव लिहून सही मुलाची आणली होती. मी तिला विचारलं तर म्हणाली, “अहो, फॉर्मवर घरच्या माणसाची सही लागतेच ना?” ती जिल्हा सहकारी बँकेतून निवृत्त झालेली बाई. लोकांच्या सह्या तपासण्यात तिची नोकरी गेली.

मार्चची सभा

साधारण सभेत मत फक्त आत्ताच्या मतदारांना, म्हणजे बहुतेक सगळ्या पुरुषांना. घटना बदलायला हजर मतदारांच्या दोन-तृतीयांशाची गरज. आम्ही महिनाभर घरोघरी जाऊन बोललो. सुदामा नगर, लोकमान्य नगर, वैशाली नगर, राजेंद्र नगर, जिथे जिथे आमची कुटुंबं होती तिथे. कुणीही तोंडावर नाही म्हटलं नाही.

६४ मतदार हजर होते. ४३ हात लागणार होते. वर आले ३९. विरोधात २२, तिघे तटस्थ.

मला धक्का बसला तो विरोधातल्या २२ जणांमुळे नव्हे. ज्या घरी आम्हाला चहा, चिवडा आणि ‘अहो, नक्की’ मिळालं होतं, त्यांतले काही जण मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. हात वर करून मतदान घेण्याचा निर्णय कुणी घेतलाच नव्हता. दर वर्षी तसंच होतं म्हणून तसं झालं. जुन्या सभासदांच्या डोळ्यांसमोर हात वर करायचा तर पुष्कळांना जड गेलं. गुप्त मतदानाची मागणी सभेआधी लेखी करायला हवी होती. ती माझी चूक.

सभागृह भाड्याने देण्याचा ठराव त्याच दुपारी मंजूर झाला.

विद्यार्थिनीला मी म्हणाले, संपलं. ती म्हणाली, स्वित्झर्लंडच्या पुरुषांनी १९५९ ला बायकांच्या मताचा ठराव पाडला होता आणि त्याच देशाच्या पुरुषांनी १९७१ ला मंजूर केला. मी म्हटलं, बारा वर्षं थांबायला काकूंना सांगू का?

तिसरा निर्णय : कुटुंबप्रमुख कोण

वाट सापडली ती वकिलांना, आणि ती आधीपासून घटनेतच होती. कुटुंबप्रमुख पुरुष असावा असं कलमात नाही. कुटुंबाने सचिवांना पत्र दिलं की आमचा प्रमुख बदलला, तर सचिवांनी नोंद बदलायची, इतकंच. आजवर हा बदल फक्त मृत्यूनंतर होत असे, म्हणून तो जिवंतपणी होऊ शकतो हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

हा मार्ग घ्यायचा की नाही यावर आम्ही बराच काळ घुटमळलो. यात नवऱ्याने स्वतःचं मत सोडून बायकोला द्यायचं होतं. म्हणजे पुन्हा मेहेरबानीच. आणि ‘प्रमुख’ या शब्दावर घराघरांत काय रामायण होईल, ही धास्ती. आम्ही ठरवलं की कुणावर दबाव आणायचा नाही, फक्त कोऱ्या पत्राचा नमुना वाचनालयाच्या टेबलावर ठेवायचा.

सव्वीस पत्रं आली. पहिलं बडोदेकर गृहस्थांचं. काकूंच्या मुलाने बंगळूरहून टपालाने पाठवलं, सोबत चिठ्ठी: ‘आईला सांगा, मला हे आधी सुचायला हवं होतं.’ एका घरात पत्र लिहून झालं आणि सासूबाईंनी ते फाडलं. एका घरात यजमान म्हणाले, प्रमुख तूच हो, वीजबिलही तूच भर. ती खरंच भरते आता. अध्यक्षांनी पत्र दिलं नाही. मी या पदावर असताना नियमाची अशी ओढाताण करणार नाही, असं म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही.

निष्पत्ती

जुलैमध्ये विशेष सभा बोलावली. या वेळी गुप्त मतदानाची मागणी लेखी दिली होती. १९५२ मध्ये प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, चिन्ह चिकटवलेली, आणि मतदार पडद्याआड जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत कोरी मतपत्रिका टाकत असे. ते आमच्या दहाव्या फलकावर होतं. ग्रंथपालांनी तेच केलं. फराळाचे दोन मोठे डबे, एकावर ‘हो’, एकावर ‘नाही’, आणि मध्ये नाटकाचा जुना पडदा.

९७ मतदार आले. ६५ हवे होते. ‘हो’च्या डब्यातून ७१ चिठ्ठ्या निघाल्या, ‘नाही’मधून २४. दोन चिठ्ठ्या पडद्यामागे खाली पडलेल्या सापडल्या, त्या बाद धरल्या. नव्या सव्वीस प्रमुख-बायकांपैकी २३ हजर होत्या. त्या सगळ्यांनी ‘हो’ टाकलं असं धरलं आणि त्यांना वगळून हिशेब केला, तर उरलेल्या ७४ मध्ये ४८ मतं पडली असती आणि ठराव दोन मतांनी पुन्हा पडला असता.

दुरुस्ती मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली पंजीयकांकडे नोंदवावी लागते. कागद एकदा त्रुटी काढून परत आले, पुन्हा दिले. नोंदणी होईपर्यंत दिवाळी आली होती.

पहिल्या वर्षात १३८ बायका स्वतःच्या नावाने सभासद झाल्या. आम्हाला तीनशेची आशा होती. दोनशे रुपयांचं कारण पुष्कळींनी सांगितलं, पण मला ते पूर्ण खरं वाटत नाही; त्याच बायका भिशीत पाचशे टाकतात. फी भरूनही सभेला न येणाऱ्या बऱ्याच आहेत. संध्याकाळी सातची वेळ सोयीची नाही, हे आम्हाला वर्षभराने सुचलं आणि सभा दुपारी चारवर आणली.

सभागृहाचा ठराव पुढच्या मार्चमध्ये पुन्हा सभेपुढे आला. आता बायकांना मत होतं. शाखेला खात्री होती की तो उलटणार. उलटला नाही. बायकांनीही दोन्हीकडे मतं दिली. छपराच्या दुरुस्तीचा खर्च काकूंनी स्वतः मांडून दाखवला आणि भाड्याच्या बाजूने बोलल्या. फक्त करारात दुपारी तीन ते पाच सभागृह महिला शाखेसाठी मोकळं राहील, हे कलम आलं. ते आधीच्या करारात नव्हतं. आमच्यातल्या काहीजणींना हा विश्वासघात वाटला. मी घरी येऊन बराच वेळ चिडचिड केली, मग लक्षात आलं की बायका एकमुठीने मत देतील हे मी गृहीत धरलं होतं.

पुन्हा करायचं तर

हळदीकुंकवाची रूढी आणि मताचा प्रश्न मी एकाच आठवड्यात काढणार नाही. दोन्ही गोष्टी करण्यासारख्याच होत्या, पण एकीचा विरोध दुसरीला भोवला.

अर्जाचा नमुना छपाईला देण्याआधी तिघीजणींनी वाचायला हवा होता. एका रकान्याने चाळीस अर्ज वाया घालवले, आणि बायकांच्या मनात ‘सही घरच्यांची’ हेच पुन्हा एकदा ठसवलं. १९५२ ची यादी असो की आमचा अर्ज, रकाना कुणी आखला हे पाहायला मी आता शिकले आहे.

पहिल्या सभेआधी जी घरं ‘नक्की’ म्हणाली ती आम्ही खात्याला जमा धरली. तोंडी होकाराऐवजी ठरावाला अनुमोदक म्हणून सही मागितली असती, तर कोण कुठे उभं आहे ते आधीच कळलं असतं.

कुटुंबप्रमुख बदलण्याचा मार्ग मार्चच्या आधी सापडू शकला असता. घटना आम्ही सगळ्यांनी चाळली होती, पण प्रत्येक जण तिच्यात नेहमी घडतं तेच वाचत होता. वकिलांनीही. त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केलं.

एक गोष्ट मात्र पुन्हा तशीच करीन: ती रेघ. अन्यायाचं वर्णन करणारा परिच्छेद त्या फलकावर असता तर आम्ही महिनाभर शब्दांवर भांडलो असतो. रिकाम्या जागेवर वाद घालणं अवघड जातं.

तेरावा फलक सध्या मागच्या खोलीत खुर्च्यांमागे आहे. रेघेच्या जागी कुणीतरी पेन्सिलीने साल लिहिलंय. अक्षर अध्यक्षांचं वाटतं, पण विचारलेलं नाही. कार्यकारिणीची निवडणूक सप्टेंबरात आहे. सचिवपदासाठी पहिल्यांदाच बायकांचे अर्ज आलेत, दोन, महिला शाखेतल्याच दोघींचे, आणि गणपतीपासून त्या एकमेकींशी बोलत नाहीत.